मेक्सिको मक्याचा खटला हरला, म्हणून जीएम पीक नाकारण्याचा हक्क संपला का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मेक्सिकोने जनुकीय बदल केलेला, म्हणजे जीएम, मका आणि ग्लायफोसेट हे तणनाशक यांच्यावर बंदी आणू पाहिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो देश अमेरिकेविरुद्धचा खटला हरला. मग यापुढे कोणत्याही देशाला असे पीक किंवा असे रसायन नाकारताच येणार नाही का, आणि भारतावर, त्यातही आपल्या कोकणावर, याचा परिणाम काय होईल?

नाकारता येते, असे माझे उत्तर आहे. मात्र नाकारण्याआधी जो अभ्यास करावा लागतो तो फार थोड्या देशांनी केला आहे, आणि आपणही तो पुरेसा केलेला नाही. मी रत्नागिरी तालुक्यात आंबा-काजूची बाग करतो. निर्यातीच्या आंब्यासाठी बागेची नोंदणी, फवारण्यांची वही, रेसिड्यू रिपोर्ट (फळात औषधाचा किती अंश उरला याचा अहवाल) हे सारे दर हंगामात सांभाळावे लागत असल्यामुळे या वादांकडे मी कित्येक वर्षे लक्ष ठेवून आहे.

प्रथम मेक्सिकोच्या खटल्याविषयी, कारण त्याची जी हकिगत सर्वत्र सांगितली जाते ती अर्धवट आहे. मेक्सिकोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोपेझ ओब्राडोर यांनी ३१ डिसेंबर २०२० रोजी काढलेल्या अध्यादेशात माणसाच्या आहारातील जीएम मका आणि ग्लायफोसेट हे दोन्ही जानेवारी २०२४ अखेरपर्यंत बंद करण्याचे ठरले होते. अमेरिकेच्या दबावानंतर १३ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याच्या जागी दुसरा अध्यादेश आला. त्यात तोर्तियाच्या, म्हणजे तिकडच्या मक्याच्या पोळीच्या, पिठासाठी जीएम मका वापरण्यावर तत्काळ बंदी होती आणि पशुखाद्यातला व उद्योगातला जीएम मका हळूहळू बदलत न्यावा असे म्हटले होते. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यातील व्यापार कराराखाली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तंटा समिती नेमली गेली, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी तिने अमेरिकेचे सातही मुद्दे मान्य केले. या खटल्यात ग्लायफोसेटच्या बंदीचा न्यायनिवाडा झालाच नाही. वाद अध्यादेशातील मक्याविषयीच्या तरतुदींपुरता होता. ग्लायफोसेटची बंदी मेक्सिकोने मार्च २०२४ मध्ये स्वतःच पुढे ढकलली, कारण शेतकऱ्याच्या हातात देता येईल असा पर्याय तयार नव्हता. त्यामुळे "तणनाशकावरची बंदी बेकायदा ठरली" असा अर्थ या निकालातून काढणे चूक आहे.

मेक्सिकोचा मुख्य युक्तिवाद मला कमकुवत वाटत नाही. त्याचे म्हणणे असे होते, की आमची माणसे मका रोज, तिन्ही त्रिकाळ आणि फारशी प्रक्रिया न करता खातात. त्यामुळे इतर देशांत थोडा मका खाणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून केलेले सुरक्षिततेचे हिशेब आम्हाला लागू होत नाहीत. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री पुन्हा भात आणि मधल्या वेळेला घावन खाणाऱ्या घरात उद्या जीएम तांदूळ आला, तर त्याची तपासणी आठवड्यातून एकदा भात खाणाऱ्या माणसाच्या ताटावरून केलेली आम्हाला चालेल का? प्रश्न योग्यच होता. पण तंटा समितीसमोर नुसता प्रश्न पुरत नाही. आमचा माणूस इतका मका खातो, त्यातून अमुक प्रथिन किंवा तणनाशकाचा इतका अंश पोटात जातो, आणि त्याचा परिणाम अमुक मर्यादेपलीकडे जातो, असे आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या पद्धतीने केलेले धोक्याचे मूल्यमापन दाखवावे लागते. मेक्सिकोने वैज्ञानिक लेखांचा मोठा संग्रह सादर केला, पण असे मूल्यमापन करून त्यावर आपली बंदी उभारली होती हे त्याला दाखवता आले नाही. मेक्सिकोची चिंता अप्रामाणिक आहे असे समितीने म्हटले नाही. देशी वाणांचे रक्षण करण्याचा हेतू तिने रास्तच मानला. बंदी पडली ती पुराव्याच्या अभावी.

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेक्सिकोने वादग्रस्त कलमे मागे घेतली, आणि मार्चमध्ये राज्यघटनेतच दुरुस्ती करून जीएम मक्याची लागवड आपल्या भूमीवर निषिद्ध केली. परक्याचा माल बंदरावर अडवणे आणि आपल्या शेतात काय पेरावे हे ठरवणे या दोन गोष्टी व्यापाराच्या कायद्यात वेगळ्या आहेत. पहिल्या गोष्टीसाठी तुम्हाला दुसऱ्या देशाला उत्तर द्यावे लागते. दुसऱ्या गोष्टीत हात पुष्कळ मोकळा असतो. जीएमचा वाद आपल्याकडे निघतो तेव्हा हे दोन्ही प्रश्न बहुधा एकाच वाक्यात कोंबले जातात आणि मग कोणत्याच प्रश्नाचे नीट उत्तर मिळत नाही.

युरोपचा २००६ चा निकालही असाच नीट वाचायला हवा. अमेरिका, कॅनडा आणि अर्जेंटिना यांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली होती. जून १९९९ ते ऑगस्ट २००३ या काळात युरोपीय संघाने नव्या जीएम वाणांना मंजुरी देणे कोणताही जाहीर निर्णय न घेता थांबवून ठेवले होते, आणि सहा सदस्य देशांनी मंजूर वाणांवरही स्वतःच्या बंद्या घातल्या होत्या. निकाल युरोपविरुद्ध गेला, पण जीएम अन्न सुरक्षित आहे की नाही यावर संघटनेच्या समितीने मत दिलेच नाही. मंजुरीत अकारण विलंब झाला आणि त्या सहा देशांच्या बंद्यांना धोक्याच्या मूल्यमापनाचा आधार नव्हता, एवढेच तिने म्हटले. युरोपने नंतर आपली घडी बदलली: आयातीच्या अर्जांची शास्त्रीय तपासणी चालू ठेवली, लेबल सक्तीचे केले, आणि २०१५ मध्ये सदस्य देशांना आपापल्या भूमीवरील लागवड नाकारण्याची कायदेशीर मुभा दिली. आज युरोपातील गुरे बाहेरून आलेले जीएम सोयाबीन खातात, आणि तरीही युरोपातील बहुसंख्य शेतांत जीएम पीक नाही.

पुरावा अपुरा असताना तात्पुरती बंदी घालण्याची सोयही नियमांत आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या आरोग्य व वनस्पती-स्वास्थ्यविषयक कराराच्या पाचव्या कलमात ती दिलेली आहे. अट एवढीच, की बंदी घालणाऱ्याने उरलेली माहिती मिळवण्याचा प्रयत्न करावा आणि वाजवी मुदतीत फेरविचार करावा. ग्लायफोसेटच्या बाबतीत या सोयीचे महत्त्व मोठे आहे, कारण तज्ज्ञ संस्थांचेच एकमत नाही. मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकले, आणि त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तसा धोका संभवत नसल्याचे म्हटले. पहिली संस्था पदार्थात मुळात घातकता आहे का एवढेच पाहते, तर दुसरी त्याबरोबर प्रत्यक्ष वापरात माणसाच्या वाट्याला किती येते हेही पाहते. युरोपने २०२३ मध्ये ग्लायफोसेटची परवानगी आणखी दहा वर्षांसाठी वाढवली.

कायदा असा असला, तरी बहुतेक देश तंटा समितीपर्यंत पोहोचतच नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये थायलंडने पॅराक्वाट हे तणनाशक, क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक आणि ग्लायफोसेट या तिन्हींवर १ डिसेंबरपासून बंदी जाहीर केली. अमेरिकेच्या कृषी खात्यातील उपमंत्र्याने थेट थाई पंतप्रधानांना पत्र लिहून ग्लायफोसेटच्या बंदीला हरकत घेतली. आयात मालात ग्लायफोसेटचा अंश शून्य असावा अशी अट आली तर अमेरिकेचे सोयाबीन आणि गहू थायलंडला विकता येणार नाहीत, ही तिकडची मुख्य काळजी होती, आणि थायलंडचा पशुखाद्य उद्योगही त्याच आयातीवर अवलंबून होता. २७ नोव्हेंबरला ग्लायफोसेटची बंदी मागे घेऊन तिच्या जागी निर्बंध आणले गेले. उरलेल्या दोन रसायनांची बंदी जून २०२० पर्यंत लांबली, पण ती झाली. ज्या रसायनाच्या मागे मोठ्या आयातीचा हितसंबंध उभा होता, नेमके तेच वाचले. लहान देशाच्या निर्णयावर असा दबाव येणे मला अन्यायाचे वाटते, आणि तसे स्पष्ट म्हणायला हवे.

श्रीलंकेचा अनुभव निराळ्या कारणासाठी कोकणातल्या बागायतदारांनी लक्षात ठेवावा. तिथल्या भातपट्ट्यातील मूत्रपिंडाच्या गूढ आजाराशी ग्लायफोसेटचा संबंध असल्याच्या संशयावरून २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली गेली. आजाराचे कारण निश्चित झाले नाही, पण चहाच्या मळ्यांतले तण वाढतच राहिले. मजूर मिळेनात, तेव्हा मळेवाल्यांनी दुसरी तणनाशके वापरली. आणि २०१८ च्या सुमारास त्यांतल्या एमसीपीए या तणनाशकाचा अंश मर्यादेबाहेर सापडल्यामुळे जपानमध्ये श्रीलंकेचा चहा अडचणीत आला. चहा आणि रबरासाठी बंदी २०१८ मध्येच शिथिल करावी लागली, आणि २०२२ मध्ये ती पूर्ण उठली. एक रसायन काढून घेताना त्याच्या जागी कोणते येणार आणि ते आपल्या गिऱ्हाईक देशात चालते का, हे आधी पाहिले नाही तर नुकसान निर्यातदार शेतकऱ्याचे होते.

आता आपल्याकडे वळतो. कोकणात जीएम पीक कोणी घेत नाही. देशात ज्यांच्या जीएम वाणांची चर्चा होते तो कापूस आमच्याकडे नाही, आणि मोहरीही नाही. तणनाशक मात्र गावोगाव पोहोचले आहे. पाऊस सरला की कलमांच्या बागेत कमरेएवढे गवत उभे असते. ते मोहोराच्या आधी काढलेच पाहिजे, कारण पुढे तेच वाळते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एक वणवा कातळावरून आला तर वीस-पंचवीस वर्षांची कलमे एका दुपारी करपतात. पूर्वी बेणणीला माणसे मिळत. आता गडी मिळणे आणि त्याची मजुरी परवडणे या दोन्ही गोष्टी कठीण झाल्या आहेत. ग्रासकटर डोंगरउताराच्या दगडात चालवणे जिकिरीचे असते. म्हणून पाठीवरचा पंप येतो. आठ-दहा दिवसांत आळ्यांभोवतीचे पट्टे पिवळे पडतात आणि काम झाल्यासारखे दिसते. फवारणारा माणूस बहुधा अनवाणी असतो, हातमोजे नसतात, आणि वाऱ्याच्या दिशेचा विचार क्वचितच होतो.

भारतात ग्लायफोसेटच्या बाटलीवर जो वापर मंजूर म्हणून छापलेला असतो, त्यात चहाचे मळे आणि बिगरपीक क्षेत्र येते. आंब्याची बाग येत नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये तर असा आदेश काढला, की ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच करावी. असा कीडनियंत्रक आमच्या वाडीत कोणी पाहिलेला नाही, आणि बाटली मात्र पूर्वीसारखीच मिळते. कागदावरची बंदी आणि बागेतला वापर यांच्यात एवढे अंतर असेल, तर उद्या परदेशी खरेदीदाराने विचारल्यावर आपण काय दाखवणार? मेक्सिको ज्या ठिकाणी कमी पडला, तिथेच आपणही उघडे पडतो.

कीटकनाशकाच्या बाबतीत हे संकट दारात आलेलेच आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या मोहोर-संरक्षणाच्या वेळापत्रकात तुडतुड्यांसाठी थायामेथोक्झामची शिफारस राहिलेली आहे आणि आम्ही सर्वांनी ते वापरले आहे. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ च्या नियमाने थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन या कीटकनाशकांची अन्नातील अंशमर्यादा यंत्राला मोजता येईल इतक्या खालच्या पातळीवर आणली, आणि मार्च २०२६ पासून ती आयात मालाला लागू केली. या नियमाचे कारण खाणाऱ्याचे आरोग्य हे नाही. जगभरातील परागीकरण करणाऱ्या कीटकांचे रक्षण हे आहे. म्हणजे रत्नागिरीच्या मोहोरावरील मधमाशीसाठी ब्रसेल्समध्ये नियम झाला. अनेक निर्यातदार देशांनी जागतिक व्यापार संघटनेच्या समित्यांत यावर हरकत घेतली आहे. मधमाशी वाचली पाहिजे यात मला शंका नाही, कारण परागीभवन झाले नाही तर फळच धरत नाही. पण नियम लागू होण्याआधी आमच्या हवामानात चालणारे पर्याय आणि ते पोहोचवणारी यंत्रणा उभी करण्यासाठी मिळालेली तीन वर्षे आपण वापरली का, हा प्रश्न आपण आपल्याच सरकारला आणि विद्यापीठांना विचारायला हवा. २०१४ मध्ये फळमाशीमुळे युरोपने हापूसवर १ मेपासून बंदी घातली तेव्हाही पुष्कळ संताप झाला होता. ती जानेवारी २०१५ मध्ये उठली, कारण पॅकहाउसमधील प्रक्रिया आणि तपासणी सुधारल्याचे युरोपच्या तपासनिसांना दिसले.

भाताविषयीही काळजी घ्यावी लागेल. भारतात व्यापारी लागवडीसाठी जीएम भाताला परवानगी नाही, तरीही २०२१ मध्ये भारतातून गेलेल्या तुकडा तांदळाच्या पिठात जीएम अंश सापडल्याचा इशारा फ्रान्सने युरोपात दिला आणि त्या पिठापासून बनलेला माल बाजारातून परत घ्यावा लागला. आपल्या सरकारने आरोप नाकारला. अशा एका कणाची किंमत काय असते हे अमेरिकेच्या भातउत्पादकांना विचारावे. २००६ मध्ये बायर कंपनीच्या, तणनाशक सहन करणाऱ्या पण मंजुरी न मिळालेल्या भाताचा अंश तिथल्या साठ्यात सापडला, युरोप आणि जपानने खरेदी रोखली, भाव कोसळला, आणि शेवटी २०११ मध्ये बायरने शेतकऱ्यांना ७५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. विदर्भात बेकायदा तणनाशक-सहनशील कापूस उघडपणे पेरला जातो, २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात तो जाहीर सत्याग्रह करून पेरला गेला, आणि त्याला ना मंजुरी मिळते ना पेरणी थांबेल अशी कारवाई होते. त्या शेतकऱ्याची निकड मला समजते. निंदणीचा खर्च त्यालाही मारतो. पण ज्या बियाण्याची नोंदच नाही ते कुठे पोहोचले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि हाच प्रकार उद्या भातात झाला तर कोकणातल्या भातालाही त्याची झळ बसेल.

जीएम आपल्या दारात आलेलेच नाही, असे समजण्यात तर अर्थच नाही. गोठ्यात गाईला घातली जाणारी सरकीची पेंड बीटी, म्हणजे किडीला रोखणारे जनुक घातलेल्या जीएम, कापसाची असते. फोडणीतले सोयाबीन तेल बव्हंशी अर्जेंटिना-ब्राझीलच्या जीएम सोयाबीनचे असते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने कुक्कुटपालनासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आणू दिली, आणि त्यासाठी ठरवलेल्या बंदरांत आपले उरणजवळचे न्हावा-शेवा होते. पेंड दळून तेल काढलेली असल्यामुळे तीत सजीव बीज उरत नाही, म्हणून पर्यावरण खात्याला हरकत नाही, असे तेव्हा सांगितले गेले. शास्त्रीयदृष्ट्या हे म्हणणे टिकते. पण त्याच सरकारने आदल्या वर्षी २४ खाद्यपिकांच्या आयातीला "जीएम नाही" असे प्रमाणपत्र सक्तीचे केले होते, ज्याच्यावर अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत हरकत घेतली. पिकासाठी प्रमाणपत्र आणि पेंडीसाठी सवलत, असा भेद करता येतो; पण त्यामागचे मूल्यमापन लिहून जाहीर केलेले नसेल, तर समोरचा वकील पहिल्याच दिवशी ही विसंगती पुढे ठेवेल. २०२५ च्या व्यापार वाटाघाटींत अमेरिका मका आणि सोयाबीनसाठी दार उघडण्याचा आग्रह धरत होती, तेव्हा हा धोका कल्पनेतला राहिलेला नाही.

म्हणून आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझे उत्तर असे, की निकालाने भारताचे हात बांधलेले नाहीत. बांधले आहेत ते आपल्याच टाळाटाळीने. बीटी वांग्यावरील स्थगिती फेब्रुवारी २०१० पासून चालू आहे आणि ती कोणत्या अभ्यासानंतर संपणार हे ठरलेले नाही. जीएम मोहरीच्या परवानगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे जुलै २०२४ मध्ये मतभेद झाले, पण जीएम पिकांविषयी राष्ट्रीय धोरण आखावे यावर दोघेही एकमत होते. त्या धोरणात भात खाणाऱ्या प्रदेशांतील आहाराचे प्रत्यक्ष मोजमाप असावे, मूल्यमापनाचे अहवाल मराठीसह सर्व भाषांत खुले असावेत, आणि एखादे तणनाशक बंद करताना बेणणीचा खर्च कोण उचलणार हे त्याच आदेशात लिहिलेले असावे, अशी माझी मागणी आहे. आमच्यासारख्या बागायतदारांनीही तणनाशकाची प्रत्येक फवारणी वहीत लिहायला आणि ज्या पिकासाठी मंजुरी नाही तिथे ते न वापरायला आतापासून लागावे. आमच्या भागातल्या काही बागांनी गवत कापून आळ्यातच आच्छादन म्हणून पसरायला सुरुवात केली आहे, आणि त्यासाठी लागणारा मजूर रोजगार हमीतून मिळावा याकरिता ग्रामपंचायतींकडे अर्ज गेले आहेत.